इनास काकांनी दिलेली काठी

रवि. ११ जाने.
सकाळी बिलियर्ड खेळायच्या सगळ्या काठ्या, क्यू, जेवणाच्या टेबलावर एकेक करून लोळवल्या. तेवीस. सरळ असते ती गुपचूप फिरते, वाकलेली असली की टोक उड्या मारतं. दोघींनी मारल्या. त्यातली एक बाबांची. बोळिंजची हवाच अशी. चौथ्या मजल्यावर खारं वारं थेट आत येतं, कपाटात ओल शोषायच्या कितीही पुड्या ठेवा, लाकूड ओल पितंच.

राजन ताट हातात घेऊन टेबल रिकामं व्हायची वाट बघत उभा. तीस वर्षांच्या संसारात शिकलाय.

मेस आतल्या खोलीत, जुन्या चादरीत गुंडाळून ठेवली आहे. तिला डोकं आहे, ती लोळवता येत नाही. येऊन अकरा दिवस झाले. रोज उघडून बघते. बघितलं की रात्री झोप लागत नाही. आनंदच असणार.

पहिल्या दिवशी रा.ला म्हटलं, मेस मिळाली. तर म्हणे, कुठली, डबा घरपोच देतात का? मग समजावलं. क्यूच्या आधीची काठी. टोकाला चपटं लाकडी डोकं, कलथ्यासारखं. चेंडू मारायचा नाही, ढकलायचा. क्यूचं टोक टेबलाचं कापड फाडेल म्हणून बायकांच्या हाती हीच देत. पुस्तकात पाहिली होती. घरात असलेली, हातात धरलेली, पहिलीच.

बुध. १४ जाने. संक्रांत
रंग काढला. खालच्या मजल्यावर हळदीकुंकू होतं, गेले नाही. तोंडाला रुमाल बांधून दिवसभर बाल्कनीत.

हिरवा तेलरंग, होड्यांना लावतात तसला. तीन थर तरी असतील. वरचा सालीसारखा सुटला, तळचा हट्टी. पत्र्याच्या पट्टीने, मग नखाने. दुपारी खालून लाकूड वर आलं. महोगनी, काळपट लाल. डोक्याच्या मधोमध फिक्या लाकडाची बारीक रेघ, नेम धरायला बसवलेली. किती वर्षं रंगाखाली होती कोण जाणे. मला रडू आलं.

ग्रुपवर दोन फोटो टाकले. हिरवी असतानाचा आणि आताचा. जुन्या खेळांच्या वस्तू जमवणारे आम्ही अठरा जण. एरवी दिवसभर कुणी बोलत नाही, आज सगळे बोलले.

शनि. १७ जाने.
ग्रुपमधल्या पुणेकरांचा फोन. (नाव आहे, पण घरात आम्ही त्यांना पुणेकरच म्हणतो.) साठ क्यू आहेत त्यांच्याकडे, मेस एकही नाही. आवाजात हेवा स्पष्ट. फार बरं वाटलं, खोटं का लिहू. ८ फेब्रु.ला, रविवारी, बघायला येणार. पुस्तक करतायत, त्यात माझ्या नावासकट फोटो.

मग म्हणाले, कुठून मिळाली? देणाऱ्याचं दोन ओळींचं पत्र आणि सही घेऊन ठेवा. म्हटलं, हो, घेते.

फोन ठेवल्यापासून चैन नाही.

सोम. १९ जाने.
ऑफ पिरियडला पत्राचा मसुदा केला. ‘मी, इनास..., राहणार भुईगाव, माझ्या आजोबांपासून घरात असलेली ही काठी श्रीमती वर्षा यांना स्वखुशीने’

पुढे लिहवेना. कागद फाडला. तुकडे स्टाफरूमच्या टोपलीत न टाकता पर्समध्ये ठेवले. मुलांची रंगपेटी चोरणाऱ्या पोरांना मी असंच पकडते, खिशात हात घट्ट असतो त्यांचा.

मर्लिन बाई समोरच बसल्या होत्या. इनास काका त्यांच्याच गावचे. त्यांनीच मला पहिल्यांदा नेलं होतं, नोव्हेंबरात. काकांचे आजोबा मुंबईत एका इंग्रज साहेबाच्या बंगल्यावर बटलर. साहेब मायदेशी गेला तेव्हा उरलंसुरलं सामान वाटलं, त्यात ही काठी आली. घरात कुणाला बिलियर्डशी देणंघेणं नाही. खोलीच्या भिंतीत उंचावर उजेडासाठी लाकडी झडप आहे, ती काठीने ढकलून उघडतात. होडीचा रंग उरला की घराच्या खिडक्यांना आणि त्याबरोबर काठीलाही लावतात.

मर्लिन बाईंना अजून सांगितलेलं नाही की ती माझ्याकडे आहे. का नाही?

गुरु. २२ जाने.
सेलीनचा फोन. इनास काकांची मुलगी. लग्न केलेलं नाही, बँकेत आहे, वडिलांना तीच सांभाळते. मी तिला एकदाच भेटले होते.

ग्रुपवरचा फोटो कुणीतरी वसईच्या कुठल्याशा ग्रुपवर टाकला, तिथून तिच्यापर्यंत. हिरव्या काठीचा. अगदी सभ्यपणे विचारलं, “मॅडम, ती आमची तर नाही ना? आमची तीन आठवडे सापडत नाहीये. पप्पा सारखे शोधतात.”

मी म्हटलं, नाही हो, ही मी मुंबईहून आणली.

इतकं सहज निघालं तोंडातून. वर आणखी, तुमची बघितल्यापासून मी तसलीच शोधत होते, असंही. ती म्हणाली, अच्छा, सॉरी हां, त्रास दिला.

तिनेच सॉरी म्हटलं.

शनि. २४ जाने.
वसईला बाजारात जायचं होतं, विरारलाच उरकलं. भुईगावकडून येणाऱ्या बसकडे बघत नाही. सोसायटीच्या गेटवर रिक्षा थांबली की बाल्कनीत जाते, कोण उतरलं ते बघून परत येते. रा. म्हणाला, कुणी येणार आहे का? म्हटलं, कुरियर.

मेस पलंगाखाली सरकवली. मग वाटलं फरशीची ओल लागेल, परत कपाटावर.

बाबा क्लबात मार्कर होते. गुण मांडायचे, टेबलाचं कापड ब्रशने झाडायचं, क्यूला नवी चामड्याची टोपी चिकटवायची. पस्तीस वर्षं. सभ्य माणसं खेळत असताना बाबांनी एक फटका मारलेला नाही. संध्याकाळी मेंबर लोक रंगात आले की काहीही देऊन टाकत, घड्याळ, पेन, एकदा तर स्वतःची क्यू. बाबा घेत, हसत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मेंबर शुद्धीवर असताना परत नेऊन देत. त्यातल्या एकाने सकाळी चहा पिता पिता पुन्हा दिली, तेव्हा ती घरी आली. कपाटातली पहिली क्यू तीच.

हे आज का आठवलं ते मला ठाऊक आहे.

बुध. २८ जाने.
मर्लिन बाईंनी डबा खाताना सांगितलं. इनास काका काल हरवले होते.

सेलीन बँकेत, सांभाळणारी शेजारीण दुकानात गेलेली. काका घरातून निघाले, रिक्षात बसले, थेट पाचूबंदर. धक्क्यावर मासळीच्या लिलावाच्या गर्दीत एकेकाला विचारत होते, आमची काठी कुणी घेतली का? एका कोळणीने हाताला धरून जाळ्यांच्या ढिगावर बसवलं, चहा पाजला. तिने विचारलं, “बाबा, कोनाची काठी? चालायची का?” तर म्हणाले, बहिणीची. खिशात सेलीनने नंबर लिहून ठेवला होता म्हणून बरं. सापडले तेव्हा धक्क्याच्या अगदी कडेला उभे राहून खाली पाण्यात बघत होते, भरती होती.

मर्लिन बाई म्हणाल्या, विसरायला लागलेत हो, वर्षभर झालं. तुम्ही गेलात तेव्हा जाणवलं नाही का?

मी भाजी चांगली झालीय म्हटलं.

शुक्र. ३० जाने.
लिहून टाकते. इथे तरी.

३१ डिसेंबर, दुपार. माझी तिसरी खेप. सेलीन कामावर. शेजारीण वर्षअखेरच्या मिस्साच्या तयारीला चर्चमध्ये गेलेली. काका ओटीवर एकटे. पहिल्या दोन्ही खेपांना ते माझ्याशी छापील मराठी बोलले होते, ‘आपण बसावं’, ‘आपण कुठल्या’. तीस वर्षं मुंबईत कारकुनी केलेला माणूस. त्या दिवशी मला बघितलं आणि एकदम गावची बोली बोलायला लागले. निम्मं मला कळेना. ‘बाय’ एवढं कळत होतं. मग कार्मेलीन म्हणाले. त्यांची मोठी बहीण. आई लवकर गेली, तिनेच त्यांना वाढवलं. वारून पुष्कळ वर्षं झाली, हे पहिल्या खेपेला त्यांनीच सांगितलं होतं.

“कार्मेलीन?” म्हणाले, आणि थांबले.

मी “हं” म्हटलं.

का म्हटलं माहीत नाही. म्हातारा माणूस, कशाला दुखवा, असं वाटलं असेल. पण खरं सांगायचं तर त्याआधीच माझी नजर कोपऱ्यातल्या काठीकडे होती.

ते उठले, काठी आणली, माझ्या हातात दिली. घे म्हणाले, आणि बोट वर केलं. मी रा.ला सांगताना दर वेळी ‘घे म्हणाले’ इथेच थांबते. बोट झडपेकडे होतं. खोलीत अंधार झाला होता, बहिणीला ते झडप उघडायला सांगत होते.

मी झडप उघडली नाही. काठी घेऊन निघाले. मागे वळून बघितलं तेव्हा ते वर झडपेकडेच बघत होते.

शनि. ३१ जाने.
रा.ला सगळं सांगितलं. त्याने टीव्ही बंद केला. मग म्हणाला, “उद्या रविवार आहे, सेलीन घरी असेल. मी येऊ का बरोबर?” नको म्हटलं. तो ओरडला असता तर सोपं गेलं असतं.

रवि. १ फेब्रु.
गेले. मिस्सा संपवून लोक परतत होते, सगळे मला आणि चादरीतल्या लांबट गाठोड्याला बघत होते.

ओटीवरच सेलीनला सांगितलं. ‘हं’ म्हटल्यापासूनचं, फोनवरच्या खोट्यापर्यंत. शेवटी ती एवढंच म्हणाली, “मी फोन केला तेव्हा पप्पा फक्त घरात शोधत होते. बाहेर पडले ते नंतर.”

मी गाठोडं तिच्यापुढे ठेवलं.

मग तिने गाठोडं सोडलं आणि तिचा चेहरा उतरला. ग्रुपवरच्या दोन फोटोंतला हिरवाच तिच्यापर्यंत पोचला होता. “हिचा रंग कुठे गेला?”

काका आतून आले. आज हुशारीत होते. काठी हातात घेतली, डोक्यावरून अंगठा फिरवला, मधल्या रेघेवर थांबले. मग दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली, आणि छापील मराठीत, “छान आहे. पण आमची हिरवी आहे. ही दुसऱ्या कुणाची तरी राहिली असेल, बघा.”

सेलीनने समजावलं, पप्पा, हीच ती, रंग काढलाय फक्त. ते हसले, लहान मुलाची समजूत काढताना हसतात तसे. आणि आत जाऊन पलंगाखाली शोधायला लागले. सेलीन गुडघ्यावर बसून त्यांना उठवत होती. झडप बंद. बांबूने सेलीन ती उघडायला गेली तर त्यांनी हात धरला. कार्मेलीनच्या काठीनेच उघडायची, म्हणाले.

मला वाटत होतं परत दिलं की सुटेन.

काठी सेलीनने परत माझ्याकडेच दिली. म्हणाली, बघा काही करता येतं का. ही समोर असली तर ते जास्त गोंधळतात.

सोम. २ फेब्रु.
उपाय एकच आहे. परत रंगवणं. ते लाकूड, ती रेघ. कोपऱ्यात पडून राहिलेल्या काठीचा तो रंग काढताना मला वाटलं होतं मी काहीतरी वाचवतेय.

मंगळ. ३ फेब्रु.
पुणेकरांना फोन करून सांगितलं, रविवारी येऊ नका, वस्तू माझी नाही. ते हबकले. कारण विचारलं, दिलं. रंगवायचं ऐकून जवळजवळ विनवणी केली. म्हणाले, “अहो, सुताराकडून तसलीच एक करून घ्या, ती हिरवी रंगवा, द्या त्यांना. त्यांना काय कळणार आहे? खरी वस्तू वाचेल.”

रा.सुद्धा संध्याकाळी तेच म्हणाला, जरा वेगळ्या शब्दांत. तो वाईट माणूस नाही. ऐकायला अगदी शहाणपणाचं वाटतं. म्हातारा माणूस शांत, वस्तू सुरक्षित, सेलीनला सांगायचंही कारण नाही.

बुध. ४ फेब्रु.
शाळेतून परस्पर सुताराकडे. माप, फोटो दाखवले. सागात दोन दिवसांत करतो म्हणाला. मी हो म्हटलं. विरारच्या पुलापर्यंत आले, रिक्षा वळवली, परत जाऊन नको म्हणून सांगितलं. तो वैतागला. बरोबर आहे त्याचं.

काका अंगठा फिरवून बघतात. मला तर त्या दिवशी ‘कार्मेलीन’ म्हणाल्याबरोबर कळलं होतं की त्यांना कळत नाही. त्याचाच फायदा घेतला. आता पुन्हा तेच करायचं, फक्त जास्त काळजीपूर्वक?

शुक्र. ६ फेब्रु.
सेलीनने घराच्या खिडकीचा रंगाचा टवका कागदात घालून मर्लिन बाईंबरोबर पाठवला. चिठ्ठी नाही, काही नाही. नुसता टवका. मर्लिन बाईंना आता सगळं माहीत आहे. नीट बोलतात, पण डबा दुसऱ्या बाकावर बसून खातात.

टवका घेऊन पाचूबंदरला, होड्यांच्या सामानाचं दुकान. दुकानदाराने सहा हिरवे काढले. उन्हात नेऊन, सावलीत नेऊन, टवक्याशी लावून बघितलं. त्याने विचारलं, बोट केवढी? म्हटलं, काठी आहे. सगळ्यात लहान डबा दिला. धक्क्यावर गेले नाही. कडेचा तो भाग लांबूनच दिसत होता, तिथे कुणीतरी सुकटीची परडी ठेवली होती.

घरी आल्यावर पहिला हात. आधी दांडा रंगवला, डोकं शेवटी ठेवलं. बाल्कनीत अर्धा तास ब्रश धरून नुसती उभी. रा. आला, माझ्या हातातून डबा घेतला आणि धरून उभा राहिला. मग मी रेघेवर ब्रश टेकवला. दोन फटक्यांत गेली.

फोटो काढला नाही.

शनि. ७ फेब्रु.
दुसरा हात. फार चकचकीत दिसतेय. नवीन वाटतेय. काकांची मळलेली होती, मुठीपाशी रंग झिजून काळी झालेली. वाळल्यावर सुती फडक्याने घासली, थोडी मंद झाली. फार घासावं तर रंग जाईल. वास मात्र जात नाही. त्यांना वासाने कळलं तर? नाहीच ओळखली तर? आता यापुढे माझ्याकडे काही उपाय नाही.

ग्रुप सोडला.

रवि. ८ फेब्रु. भुईगाव, ओटीवर
वही पर्समध्ये होती. लिहीत बसलेय, नाहीतर हातांचं काय करू कळत नाही.

काका जेवून झोपलेत. सेलीन म्हणाली, उठवू नका, मध्येच उठवलं की दिवसभर घाबरलेले राहतात. बसा. आज ‘बसा’ म्हणाली. काठी उजेडात धरून बघितली. “आमची जास्त काळपट होती,” म्हणाली. मग जरा थांबून, “पण चुलीचा धूर होता तेव्हा. बसेल हळूहळू.”

मी विचारलं, ओळखतील का? म्हणाली, “काल मला ओळखलं नाही त्यांनी. सकाळी ओळखलं. काय सांगू तुम्हाला.”

दारातून आतली खोली दिसतेय. झडप बंद, दुपार असून काळोख. त्यांचे पाय तेवढे दिसतात, मोजे घातलेले. सेलीन स्वयंपाकघरात कपबश्या लावतेय. तीन लावल्या, आवाजावरून मोजल्या मी.

काठी मांडीवर आहे. रंग हाताला लागत नाही, चार वेळा बघितलं.

पाय हलले. खाट वाजली. खोकला.

कार्मेलीन आली का, म्हणून विचारतायत. एवढं कळतं मला आता त्यांच्या बोलीतलं. सेलीन दारात येऊन उभी राहिली आहे, माझ्याकडे बघतेय.

वर्षा, म्हणायचं. बोळिंजची वर्षा आलेय, तुमची काठी घेऊन. मग झडप उघडायची की त्यांच्या हातात द्यायची, ते अजून ठरत नाही. उठते.